सहकारी बँकांमध्ये सायबर धोक्याचा सारांश सुरक्षितपणे कसा वाटायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, आणखी जवळपास चौदा कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. एटीएमवरच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत दिसतो आहे.

मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात होतो. असा काही इशारा होता हे आम्हाला नंतर, बातम्यांमधून कळलं. पुढे आसपासच्या सहा बँकांच्या आयटीवाल्यांनी ठरवलं की कुणाला काही दिसलं तर ते बाकीच्यांना त्याच दिवशी कळलं पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा सगळ्याचा गाळीव सारांश सगळ्यांकडे गेला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात घडी बसायला आम्हाला वर्ष लागलं. तुमच्या जिल्ह्यात किंवा तुमच्या फेडरेशनमध्ये कुणी हे सुरू करणार असेल तर त्याचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहितो आहे.

छोट्या बँकांना याची गरज जास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांचे चार स्तर केले आहेत, आणि स्वतःच्या सुरक्षा केंद्राची, ज्याला आपण सॉक म्हणतो, अपेक्षा सर्वांत वरच्या स्तराकडून आहे. बाकीच्यांकडे रात्री लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, बघायला माणूस नसतो. शेजारच्या बँकेने पाठवलेलं पानभर लिखाण हाच त्यांचा पहारा असतो.

सुरू करण्यापूर्वी

गटाला कळवलं म्हणजे सरकारी कळवणं झालं, असं अजिबात नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. रिझर्व्ह बँकेला कळवण्याची जबाबदारी वेगळी आहे. आधी ते करा, मग गटाकडे या. फसवणुकीचे पैसे ज्या खात्यांत वळवले गेले त्या खात्यांचे तपशीलही सारांशात घालायचे नसतात. त्यासाठी १९३० ही हेल्पलाइन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि पोलीस आहेत.

लागणाऱ्या गोष्टी:

- प्रत्येक बँकेकडून नेमलेली दोन माणसं, त्यांचे थेट फोन क्रमांक आणि नावानिशी असलेला ईमेल. 'आयटी विभाग' अशा सामायिक पत्त्यावर पाठवायचं नाही.
- एक पानाचा करार, प्रत्येक बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीचा.
- ओपनपीजीपी किल्ल्यांची जोडी, एक सार्वजनिक आणि एक खाजगी. ईमेल आणि फाइली कुलूपबंद करायची ही पद्धत आहे. विंडोजवर जीपीजीफॉरविन आणि त्यातलं क्लिओपात्रा पुरतं. दोन्ही मोफत आहेत.
- सेव्हन-झिप, फाइली पासवर्ड लावून बंद करणारं सॉफ्टवेअर.
- सारांशाचा एकच ठरलेला साचा.
- एक वही किंवा एक्सेल: काय पाठवलं, कधी, कुणाला, कोणत्या अटीवर.

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिले आठ महिने आम्ही एवढ्यावरच काढले.

१. आधी करार, मग माहिती

करार वकिली भाषेत नको. चार प्रश्नांची उत्तरं त्यात असली की झालं. आलेली माहिती बँकेत कोण वाचू शकतं? व्हेंडरला दाखवता येते का? चुकून बाहेर गेली तर कुणाला, किती वेळात सांगायचं? गटातून बाहेर पडताना जुन्या सारांशांचं काय करायचं?

यातला व्हेंडरचा प्रश्न सर्वांत अवघड. आपल्याकडे कोअर बँकिंग एकाच्या हातात असतं, फायरवॉल दुसऱ्याच्या आणि एटीएम स्विच तिसऱ्याच्या. सारांशात 'हा पत्ता ब्लॉक करा' असं आलं तर प्रत्यक्ष बटण व्हेंडरचा इंजिनिअर दाबतो. पण तोच इंजिनिअर दुसऱ्या चार बँकांचंही काम बघतो. आम्ही असं ठरवलं: व्हेंडरला फक्त तांत्रिक यादी द्यायची. त्यामागची गोष्ट, कुणाकडे आणि कसं घडलं हे, त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. हे लेखी नसेल तर प्रत्येक बँक आपापला अर्थ लावते आणि भांडण तिथेच होतं.

२. रंग समजून घ्या

कोणती माहिती कुठपर्यंत जाऊ शकते यासाठी जगभर ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल वापरतात, थोडक्यात टीएलपी. तो फर्स्ट ही आंतरराष्ट्रीय संघटना सांभाळते. ऑगस्ट २०२२ पासून त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे. रंग असे:

- रेड: ज्या व्यक्तीला दिलं फक्त तिच्यासाठी. बँकेतल्या शेजारच्या खुर्चीलाही नाही.
- अँबर प्लस स्ट्रिक्ट: फक्त तुमच्या संस्थेत, आणि तेही गरज असलेल्यांनाच.
- अँबर: तुमची संस्था आणि तिची सेवा घेणारे, गरजेपुरतं.
- ग्रीन: तुमच्या क्षेत्रातल्या समुदायात, पण जाहीरपणे नाही.
- क्लिअर: मर्यादा नाही. जुन्या आवृत्तीत याला व्हाइट म्हणत.

बँकेच्या बाबतीत साधा अँबर फसवा आहे, कारण 'सेवा घेणारे' म्हणजे खातेदार की आणखी कुणी यावर वाद होतो. नवीन गटाने अँबर प्लस स्ट्रिक्टच धरून चालावं असं माझं मत आहे. रंग ईमेलच्या विषयात आणि दस्तऐवजाच्या प्रत्येक पानावर, वर आणि खाली, बारा पॉइंटपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहायचा. पहिल्या पानावर लिहून भागत नाही, कारण कुणीतरी फक्त तिसरं पान प्रिंट करतं.

रंग सांगतो कुणाला दाखवायचं. माहितीचं काय करायचं हे तो सांगत नाही. त्यासाठी दुसरी खूण आहे, पीएपी, म्हणजे परमिसिबल ॲक्शन्स प्रोटोकॉल. पीएपी रेड म्हणजे हल्लेखोराला जराही चाहूल लागेल असं काही करू नका, फक्त आपले जुने लॉग तपासा. अँबर म्हणजे बाहेरच्या तिऱ्हाईत सेवेवर शोध घ्यायला हरकत नाही. ग्रीन किंवा त्याहून मोकळी खूण असेल तरच पत्ता ब्लॉक करणं किंवा त्या सर्व्हरला पिंग करणं, म्हणजे तो चालू आहे का ते विचारणं, चालतं. नवखा माणूस उत्साहाने आधी तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघतो. असं कधीही करू नका. समोरच्याला लगेच कळतं की कोणत्या बँकेत कुणकुण लागली आहे.

३. माहिती कुठून आली ते आधी नोंदवा

तुमच्या हातात येणारं काही सर्ट-इनच्या सूचनांमधून येतं, काही हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने २०१४ मध्ये बँकांना सायबर माहिती वाटून घेता यावी म्हणून सुरू केलेल्या आयबी-कार्टसारख्या यंत्रणेतून, काही विकतच्या अहवालांतून, आणि काही भागीदाराने फोनवर सांगितलेलं असतं. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. नियम एकच ठेवा: ज्याची माहिती त्याचा शब्द अखेरचा. त्याने अँबर दिलं असेल तर तुम्ही त्याचं ग्रीन करू शकत नाही, कितीही उपयोगी वाटलं तरी. फोन करा, विचारा, होकार मिळाला तर तो वहीत तारखेसह लिहा. विकत घेतलेल्या अहवालातला मजकूर उचलून वाटणं परवान्यात बसत नाही. त्यातून आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत लिहिता येतं का, तेही कंपनीला विचारून घ्या.

स्रोताला दर्जा द्यायची जुनी लष्करी पद्धत आम्ही वापरतो. स्रोत किती भरवशाचा यासाठी ए ते एफ, आणि ही विशिष्ट बातमी किती खरी वाटते यासाठी १ ते ६. एफ आणि ६ म्हणजे 'ठरवता येत नाही', 'खोटं आहे' असा त्याचा अर्थ नव्हे. दोन्ही वेगळे का, तर भरवशाचा माणूसही कधी ऐकीव सांगतो.

४. सारांश लिहा

बहुतेक गट इथेच ढासळतात. एकतर पन्नास पत्त्यांची यादी पाठवतात आणि तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, किंवा तीन पानं लिहितात आणि ती कुणी वाचत नाही. आमचा साचा एका पानाचा आहे:

पहिल्या दोन ओळींत काय घडतं आहे आणि आज काय करायचं. मग कुणाला धोका: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती. मग हल्ला कसा होतो, पायरीपायरीने. मग खुणा, म्हणजे पत्ते, डोमेन, फाइलींचे शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख क्रमांक). मग आमची खात्री किती: जास्त, मध्यम, कमी, आणि का. शेवटी मुदत: ही यादी कधीपर्यंत धरायची.

मुदत विसरू नका. आयपी पत्ता हल्लेखोर दोन दिवसांत बदलतो आणि तोच पत्ता पुढे एखाद्या सरळ माणसाला मिळतो. हॅशही फाइलीत एक बाइट बदलला की बदलतो. टिकते ती पद्धत. म्हणून 'बिलाच्या नावाने येणारी जोडफाइल, उघडताच आतून स्क्रिप्ट चालवते' हे वाक्य वीस पत्त्यांपेक्षा मोलाचं आहे. सोबत माइटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या जागतिक यादीतला क्रमांक द्या, फिशिंगसाठी टी १५६६. म्हणजे दुसऱ्या बँकेच्या साधनांत तो लगेच शोधता येतो.

वेळेबद्दल सावध राहा. बरीच उपकरणं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लॉग ठेवतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. यूटीसीत १२ तारखेच्या रात्री आठला घडलेलं आपल्याकडे १३ तारखेच्या पहाटे दीडला असतं. 'रात्री आठ' एवढंच लिहिलं तर भागीदार चुकीच्या दिवसाचे लॉग चाळत बसतो. प्रत्येक वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहाच.

दुसरी सवय लावून घ्या ती पानावर आडवी रेघ ओढण्याची, जिला टीअरलाइन म्हणतात. रेघेच्या वर संवेदनशील तपशील, अँबर प्लस स्ट्रिक्ट. रेघेच्या खाली स्वतंत्रपणे वाचता येईल असा मजकूर, ग्रीन. मिळणाऱ्याने खालचा भाग कापून पुढे द्यायचा. खालच्या भागात 'वर म्हटल्याप्रमाणे' असे शब्द आले तर लिखाण चुकलं आहे.

५. गाळा, आणि परत गाळा

काय घडलं ते ठेवायचं, कुणाकडे घडलं ते काढायचं. नाव खोडलं की काम झालं असं वाटतं, पण बँक ओळखू येण्याच्या वाटा अनेक आहेत. आयएफएससीची पहिली चार अक्षरं बँकेचीच असतात. कार्डाचे पहिले सहा ते आठ अंकही तेच सांगतात. शाखेचं गाव, नेमकी रक्कम आणि तारीख एकत्र आली तर तालुक्यातला कुणीही ओळखेल. 'गेल्या आठवड्यात, मध्यम आकाराच्या एका बँकेत' एवढं पुरतं. ग्राहकाचं नाव, मोबाइल, पॅन, खाते क्रमांक यांतलं काहीही जाता कामा नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हेच केलं असतं. त्या माणसाने आपल्यावर भरवसा ठेवून खातं उघडलं आहे.

ही यादी प्रत्येक वेळी तपासा:

- स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्याचं नाव, खालच्या पट्टीत उघडलेल्या फाइलींची नावं.
- पीडीएफमध्ये काळ्या चौकोनाखाली झाकलेला मजकूर. तो निवडून कॉपी केला की तसाच निघतो. आधी मजकूर काढा, मग पीडीएफ करा.
- वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखक आणि संस्थेचं नाव.
- फाइलचं स्वतःचं नाव.
- सगळे दुवे निकामी केलेले: ठिपका चौकोनी कंसात, सुरुवातीच्या एचटीटीपीतल्या दोन टींच्या जागी दोन एक्स.

एक सापळा बहुतेकांना ठाऊक नसतो. संशयित फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे फाइली तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर, चढवली की ती तिथल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवून घेता येते. त्या फाइलीत तुमच्याच ग्राहकाचं पत्र असेल तर ते बाहेर गेलं. शिवाय आपल्या फाइलचा हॅश तिथे दिसू लागला का, हे हल्लेखोरही बघत असतात. फाइल चढवू नका, फक्त हॅश शोधा.

आता चुकीच्या खुणांबद्दल. दुसऱ्याच महिन्यात आमच्या यादीत एका मोठ्या सीडीएनचा, म्हणजे अनेक संकेतस्थळांची पानं आपल्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या जाळ्याचा, पत्ता गेला, कारण हल्लेखोराचं पान त्याच्यामागे लपलेलं होतं. त्याच पत्त्यामागे हजारो सरळ संकेतस्थळं होती. एका भागीदार बँकेने आमच्यावर विश्वास ठेवून तो तत्काळ ब्लॉक केला आणि त्यांचं मोबाइल ॲप सकाळभर बंद राहिलं. यादी मी केली होती. त्यानंतर तीन आठवडे त्या बँकेने आमची एकही खूण लावली नाही, आणि त्या आठवड्यांत ती बँक हल्ल्यांना उघडी होती ही गोष्ट मला अजून टोचते. धोक्याच्या खुणा संस्थांमध्ये वाटण्यासाठीच्या मिस्प या प्रणालीसोबत 'वॉर्निंगलिस्ट' नावाच्या याद्या मोफत मिळतात: गूगलचा ८.८.८.८, मायक्रोसॉफ्टचे अपडेट सर्व्हर, मोठे सीडीएन. तुमची यादी आधी त्यांच्याशी ताडून बघा. मिस्प वापरत नसलात तरी याद्या उतरवून घेता येतात.

६. दुसऱ्या डोळ्यांनी वाचून घ्या

ज्याने लिहिलं त्याने पाठवायचं नाही. नेमलेल्या दोघांपैकी दुसऱ्याने वाचायचं, आणि वाचताना एकच प्रश्न: यावरून बँक ओळखता येते का? दहा मिनिटं लागतात. घाईच्या इशाऱ्यातही ही पायरी गाळू नका.

७. कुलूप लावा आणि पाठवा

प्रत्येकाने आपली ओपनपीजीपी जोडी तयार करायची आणि सार्वजनिक किल्ली बाकीच्यांना द्यायची. मग महत्त्वाचं काम: फोन करून किल्लीचा फिंगरप्रिंट, चाळीस अक्षर-अंक, एकमेकांना वाचून दाखवायचा. नंबर आधीपासून तुमच्याकडे असलेला वापरा, त्याच ईमेलमधून आलेला नको. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे, आणि हे केलं नाही तर मध्ये कुणी आपली किल्ली घुसवली तरी कळणार नाही.

सारांश कुलूपबंद करा आणि त्यावर डिजिटल सहीही करा. नुसत्या कुलपाने पाठवणारा कोण ते सिद्ध होत नाही. खोटा सारांश हाच उत्तम हल्ला असतो: 'तातडीचा इशारा, हे पॅच बसवा'. म्हणून आमच्या सारांशात दाबायचा दुवा किंवा बसवायची फाइल कधीच नसते, आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

ईमेलचा विषय साधारणपणे कुलपाच्या बाहेर राहतो. तिथे रंग आणि अनुक्रमांक एवढंच लिहा.

एखाद्या बँकेला पीजीपी जमत नसेल तर तात्पुरतं सेव्हन-झिप. पण त्यात 'सेव्हन झेड' प्रकार निवडा आणि फाइलींची नावं झाकण्याच्या पर्यायावर खूण करा. साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं उघडी दिसतात आणि जुनं, कमकुवत कुलूप लागण्याची शक्यता असते. पासवर्ड फोनवर सांगा. त्याच ईमेल पत्त्यावर दुसऱ्या ईमेलने पाठवलेला पासवर्ड म्हणजे कुलपाशेजारीच टांगलेली किल्ली.

व्हॉट्सॲप गटाबद्दल सगळे विचारतात. 'सारांश पाठवला आहे, बघा' एवढ्यापुरता ठेवा. व्हॉट्सॲपच्या संदेशाचाही प्रवास कुलपातून होतो, पण फोनच्या गॅलरीत पडलेला फोटो आणि एका बोटाने होणारं फॉरवर्ड याला आपला करार लागू पडत नाही.

८. मिस्पकडे कधी वळायचं

बँका दहाच्या पुढे गेल्या किंवा खुणा हाताने फायरवॉलमध्ये भरणं जड जाऊ लागलं की मिस्प बसवा. बेल्जियमच्या संरक्षण दलात २०११ मध्ये त्याची सुरुवात झाली, आता लक्झेंबर्गचं सर्कल हे केंद्र त्याचा सांभाळ करतं. ते मुक्त स्रोत आहे आणि स्टिक्स या प्रमाणित स्वरूपात माहिती देतं-घेतं.

तिथे प्रत्येक नोंदीला 'वितरण' ठरवावं लागतं. 'जोडलेले समुदाय' निवडलं तर नोंद तुमच्याशी जोडलेल्या सर्व्हरवर जाते आणि तिथे तिची व्याप्ती एक पायरी कमी होते. नवख्यांनी हे टाळावं. आपल्या बँकांचा 'शेअरिंग ग्रुप' करा आणि तोच निवडा. 'पब्लिश' दाबलं की नोंद निघाली, म्हणून ते बटणही दुसऱ्या माणसाकडेच ठेवा. टीएलपीचं लेबल लावल्याने वितरण आपोआप बदलत नाही, दोन्ही वेगवेगळं लावावं लागतं.

९. पोच, उलट टपाल, मागे घेणं

सारांश मिळाल्यावर चोवीस तासांत प्रत्येकाने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: 'आमच्याकडे दिसलं', 'दिसलं नाही', 'तपासायला जमलं नाही'. तिसरं उत्तरही मोकळेपणाने देता आलं पाहिजे, त्यावर कुणी बोट दाखवायचं नाही. सुरुवातीला आमच्याकडे कुणीच उत्तर देत नसे. मग गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटांचा फोन ठेवला आणि उत्तरं येऊ लागली. मिस्पमध्ये यासाठी 'साइटिंग' आहे, त्यातच 'ही खूण चुकीची' असंही नोंदवता येतं.

चूक सापडली तर त्याच मार्गाने, त्याच लोकांना, जुना अनुक्रमांक देऊन दुरुस्ती पाठवा. 'सारांश १४ मधली तिसरी खूण काढा, ब्लॉक केली असेल तर उघडा.' कारणं नंतर सांगता येतात.

माहिती बाहेर फुटल्याचं कळलं तर पहिला फोन ज्याची माहिती होती त्याला. वही इथे कामाला येते: कुणाकडे काय गेलं ते दोन मिनिटांत सांगता येतं.

१०. माणूस बदलला की

आयटीतली माणसं बँका बदलतात, आणि कित्येकदा गटातल्याच दुसऱ्या बँकेत जातात. जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवशीच त्याची किल्ली सगळ्यांच्या यादीतून काढा, मिस्पचं खातं बंद करा, नव्या माणसाचा फिंगरप्रिंट फोनवर पुन्हा वाचा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी आपापली दोन नावं नव्याने कळवायची. पहिल्या फेरीत आम्हाला बारापैकी तीन नावं जुनी सापडली, आणि त्यातला एक पत्ता सहा महिने कुणीच उघडलेला नव्हता.